नंदाचं पान

आमच्या दवाखान्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं ताप-खोकल्याचे पेशंट यायचे आणि मागच्या दारानं, इकडं-तिकडं बघत, डोक्यावर टॉवेल घेऊन मूळव्याधीचे. मागच्या दाराला गर्दी जास्त. पाटीवर मराठी, कानडी आणि उर्दूत 'बंगाली दवाखाना' लिहिलेलं होतं, फक्त बंगालीत काही नव्हतं, कारण वाचणार कोण? बाबा नदिया जिल्ह्यातले. काकांचा हात धरून औरादला आले, दोन वर्षं बघू म्हणाले आणि बघतच राहिले. माझं नाव शेफाली. गल्लीनं त्याचं शेपू केलं, भाजीवाली शेपू, आणि ते मला कायमचं चिकटलं. पेपरवाले आजही माझं जन्मगाव म्हणून बाबांच्या खेड्याचं नाव छापतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. सही बंगालीत करते, पण मेकअपमनवर चिडले की तोंडातून औरादच निघतं, आणि तो बिचारा हात जोडून म्हणतो, दीदी, आशीर्वाद दिलात की शिवी, तेवढं सांगा.

घरात मोहरीच्या तेलाचा वास असायचा. तळ्यातला मासा मिळाला की आई वाटणाला बसायची आणि शेजारणी पदर नाकाला लावून विचारायच्या, "आज काय जाळायलीस गं बाई?" मला त्या वासाची लाज वाटायची म्हणून मी समोर अण्णांच्या घरी पळायचे. अण्णा मोंढ्यात तुरीचे व्यापारी, उंच, हळू बोलणारे. त्यांची बायको म्हणजे आमची काकू, तिचा आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. त्यांची नंदा माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. धाकटा बसू तेव्हा कडेवर होता. दुपारी काकू चुलीपुढं भाकरी थापायची, त्याचा थाप-थाप आवाज, पलीकडं डाळ मिलची घरघर, आणि उदगीरच्या एसटीचा हॉर्न वाजला की नंदाचं "बसू, ती बघ गाडी" असं ओरडणं. आज कुठंही डोळे मिटले तरी हे सगळे आवाज मला ह्याच क्रमानं येतात.

नंदाची जेवायची एक तऱ्हा होती. एक गुडघा वर घेऊन बसायची. शेंगाची चटणी भाकरीच्या कडेखाली लपवायची, शेवटच्या घासाला पाहिजे म्हणून. जेवता जेवता डावा हात वेणीला पुसायची, हात कोरडा असला तरी. काकू रोज ओरडायची, "नंदे, गुडघा खाली घे! मुलीची जात हाय का काय हाय?" आणि जेवण संपलं की विचारायची, "पोट भरलं का?" नंदाचं उत्तर ठरलेलं. "न्हाई. अर्धी वाढ." सगळं मनासारखं असलं तरी अर्धी, भांडण झालं असलं तरी अर्धी. रुसून बसणं तिला माहीतच नव्हतं. राग आला तर तोंडावर म्हणायची, राग आलाय, आणि ताट पुढं करायची. घरी येऊन मी आईला तिची नक्कल करून दाखवायचे. आई हसता हसता पाट्यावर वाकायची. माझ्या आयुष्यातली पहिली प्रेक्षक तीच.

मग ती संध्याकाळ आली. मी तिथंच ओट्यावर बसूला खेळवत होते. काकूनं नंदाला परसातल्या ढिगातनं गोवऱ्या आणायला सांगितल्या. नंदा म्हणाली, "अंधार पडायलाय आई, सकाळी आणते." काकू म्हणाली, "आत्ता जा म्हटलं ना!" एवढंच. रोज घराघरात होतं तेवढंच. गोवऱ्यांच्या ढिगात साप होता. बाबा चप्पल न घालता धावत आले, हात बांधला, जीप बोलावली, तिला मांडीवर घेऊन बिदरला निघाले. वाटेतलं संतपूर ओलांडलं आणि तिथनं ते परत आले. मला आत ढकललं गेलं, त्यामुळं मला आठवतं ते फक्त बाबांच्या सदऱ्यावरचं नंदाच्या वेणीचं तेल.

त्यानंतर काकू जेवायची बंद झाली. चुलीपुढं बसायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः कपभर चहा घेऊन उठायची. गल्लीतल्या बाया येऊन समजूत घालायच्या. "देवाची मर्जी गं." "तुझा काय दोष त्यात?" "लेकरू तुला काय बोल लावणार हाय का?" ती ओठ घट्ट मिटून ऐकायची. तिचा तो आवाज गेला. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बाबा आईला म्हणाले, ही बाई संक्रांत बघत नाही. मी ते ऐकलं. नंदा गेली ते मला नीटसं कळलं नव्हतं, काकू जाणार हे मात्र लख्ख कळलं.

तेवढ्यात पितृपक्ष आला. आमच्या भागात गेलेल्या माणसाच्या नावानं पान वाढतात, आणि त्या पानावर त्याच्याच वयाचं, त्याच्याच जोगतं माणूस बोलावून बसवतात. त्याला पित्तर म्हणायचं. म्हातारा गेला तर म्हातारा, सवाशीण गेली तर सवाशीण. त्या दिवशी त्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारत नाहीत, गेलेल्याच्या नावानं मारतात. त्याचं पोट भरलं की घरचे जेवतात, आणि अण्णांच्या घरची रीत अशी की जेवण झाल्यावर पित्तराला वेशीपर्यंत बोळवायचं आणि त्यानं माघारी वळून बघायचं नाही, म्हणजे गेलेलं माणूस आपल्या वाटेला लागतं. पोरीबाळींचं असं कुणी करत नाही. पण अण्णांनी ठरवलं, नंदाचं पान वाढायचं. काकूला त्यानं तरी दोन घास जातील. आता पानावर बसणार कोण? सापानं गेलेल्या पोरीच्या जागी आपली लेक बसवायला एकही आई तयार होईना. मग अण्णा आमच्या पुढच्या दारानं आले, टोपी काढून हातात घेतली आणि उभेच राहिले.

आईनं मला मागं ओढलं. "मेलेल्या मुलीच्या ताटावर माझी मुलगी? नाही, नाही, नाही!" ती बंगालीत ओरडत होती, पण ते कळायला भाषा लागत नव्हती. बाबांनी मला विचारलं. मी ताबडतोब हो म्हणाले. उगाच मोठेपणा कशाला घेऊ, त्यात काकूची काळजी होती तशीच हावही होती. मला नंदाचा हिरवा परकर नेसायला मिळणार होता.

सकाळी अण्णांनी मला ओट्यावर बसवून शिकवलं. पुढं आयुष्यभर मोठमोठ्या दिग्दर्शकांनी मला सीन समजावून सांगितले, पण पहिला दिग्दर्शक म्हणजे तुरीचे व्यापारी अण्णा. "काकू विचारंल, पोट भरलं का? तू म्हणायचं, भरलं. मग म्हणायचं, मी सुखात हाव. बस, एवढंच. मग मी तुला वेशीपर्यंत नेतो. काय म्हणायचं?"

"भरलं. मी सुखात हाव."

"शाबास. माझं लेकरू."

त्यांनी तोंड फिरवलं आणि टोपीनं डोळे पुसले.

परकर मला थोडा आखूड झाला. काकूनं पाणी घालून माझे पाय धुतले, खाली मान घालून. "ये नंदा, बस," अण्णा म्हणाले. पानावर तांदळाची खीर, वडे, कढी, भजी, गवारीची भाजी असं सगळं होतं, आणि एका कडेला, रीतीत नसलेली, भाकरी आणि शेंगाची चटणी. ती काकूनं ठेवली होती. मी मांडी घालूनच बसले होते, खरंच सांगते. पण हात आधी भाकरीकडं गेला. मी चटणी कडेखाली सारली. डावा हात वेणीला पुसला. आणि गुडघा कधी वर आला ते मला कळलंही नाही.

"नंदे, गुडघा खाली घे!"

काकूचा तो जुना आवाज! बसू दचकून रडायला लागला. अण्णांची म्हातारी आत्या खांबाला धरून खाली बसली. काकू चुलीपासून उठली, माझ्यापुढं येऊन बसली, अगदी पानाला टेकून, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आता ती विचारणार, पोट भरलं का, आणि मी म्हणणार, भरलं. मी ते शब्द तोंडात धरून बसले होते.

"माझ्यावर राग धरलीस का गं?" तिनं विचारलं.

हे अण्णांनी शिकवलं नव्हतं. मी अण्णांकडं बघितलं. ते मानेनं नाही, नाही म्हण, असं सांगत होते. सगळी खोली नाही म्हण म्हणत होती. मला कळत होतं की नाहीच म्हणायचं असतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "व्हय. लई राग आला. अंधार पडायलता की. तरी पाठवलीस."

आत्यानं कपाळावर हात मारला. अण्णा झटकन उठले.

"आता भाकर वाढ," मी म्हणाले. "अर्धी."

काकूच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की हंबरडा, ते मी आजही सांगू शकत नाही, आणि हो, मी तो आवाज दोन सिनेमांत काढायचा प्रयत्न केला, जमला नाही. तिनं मला पोटाशी धरलं, "व्हय गं माझे बाई, मीच पाठवले, मीच पाठवले," म्हणत हलत राहिली, मग हात पुसून भाकर मोडली, अर्धी मला वाढली आणि माझ्याच पानावर हात घालून उरलेली अर्धी खायला लागली. खीर खाल्ली, वडा खाल्ला, चटणी बोटांनी पुसून घेतली. सगळे बघत उभे. उठलेले अण्णा तिच्या शेजारी खाली बसले होते आणि लहान पोरासारखे रडत होते. त्या गोंधळात मला वेशीपर्यंत कुणी नेलं नाही. नेणार कोण? मी उठले, हात धुतले आणि रस्ता ओलांडून त्याच परकरात घरी आले. आईनं दारातच थांबवून माझ्या हाताला लोखंड लावलं, विस्तवावर हात धरायला लावले. मसणातून आलेल्या माणसाला बंगालकडं तसं करतात. पण ते बंगाली लोखंड, औरादच्या पित्तराला ते काय कळणार?

काकू जगली. संक्रांतीला तिनं मला तिळगूळ दिला तेव्हा हाताला पुन्हा मांस आलं होतं. रोज दुपारी हाक यायची, "शेपू, जेवायला ये," आणि मी जायचे. तिनं मला पुन्हा कधी नंदा म्हणून हाक मारली नाही. फक्त गुडघा वर आला की ओरडायची, आणि तो रोज येत होता. घरी, शाळेत, कुठंही. आई म्हणायची, सोंग पुरे झालं. मी सोंग करत नव्हते. मॅट्रिकनंतर बाबा गेले आणि आईनं कलकत्त्याला मामाकडं जायचं ठरवलं. एसटी स्टँडवर काकू भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन आली. ते माझ्या मांडीवर ठेवलं, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागली. जा म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. मला त्याचं लई वाईट वाटलं.

कलकत्त्यात माझ्या बंगालीला सगळे हसायचे. मामेभाऊ म्हणायचे, ही बंगाली बोलते की तूर चाळते? मामाच्या ओळखीनं एका नाटक कंपनीत शिरले, तिथून स्टुडिओत, पण उच्चारांमुळं मला न बोलणाऱ्या भूमिका मिळायच्या. प्रेत झाले. वेडी झाले. मग भूत झाले, आणि भूत मात्र असं झाले की लोक मला त्यासाठी ओळखायला लागले. पांढरी साडी नेसून जिन्यावर उभं राहायचं, बस. एका दिग्दर्शकानं मला जेवणारं भूत केलं. मोडक्या घरात एक बाई रिकाम्या ताटावर जेवते, एवढाच सीन. मी बसले, कॅमेरा सुरू झाला, आणि कट म्हटल्यावर दिग्दर्शकानं दुसरा टेक घेतलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो सीन पडद्यावर बघितला. वर घेतलेला गुडघा, वेणीला पुसलेला हात, नसलेल्या भाकरीच्या कडेखाली सारलेली नसलेली चटणी. तिथं मी नव्हतेच. नंदा बसली होती, आणि तिचं वय झालं होतं. ती माझ्याबरोबर मोठी झाली होती.

नंतर जीभ सुधारली, आया झाले, सासवा झाले, टीव्ही आल्यावर घराघरातली आजी झाले. समीक्षक लिहायचे, हिच्या हातांना स्वतंत्र जीव आहे. लिहोत. तो कुणाचा ते मला माहीत होतं. शॉट लागायच्या आधी मला गोवरीच्या धुराचा वास यायचा, वातानुकूलित स्टुडिओत, आणि वास आला की मी निर्धास्त व्हायचे आणि भ्यायचेही. नवरा भला माणूस होता. एकदा जेवताना म्हणाला, "शेफाली, आपल्या घरात आपण दोघंच राहतो ना?" मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग त्या वेशीपर्यंत जाऊन ये एकदा, सोडवून ये तिला. मी दरवर्षी पितृपक्षात ठरवायचे आणि दरवर्षी तारखा आड यायच्या. तारखांचं सोडा. ती गेली तर माझ्याकडं काय उरणार, ही भीती होती.

गेल्या वर्षी मालिकेनं मला मारलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, रोज जाणं जमेना, मग लेखकांनी हृदयविकार आणला. हॉलच्या भिंतीवर माझा मोठा फोटो, त्याला हार. मी घरी बसून आपल्याच फोटोपुढं मालिकेतल्या सुनेला रडताना बघत होते आणि रडते बरी, असं म्हणत होते. त्याच आठवड्यात फोन आला.

"शेपूअक्का, मी बसू बोलायलाव. औरादहून."

कडेवरचा बसू. आता त्याला नातवंडं आहेत. तो म्हणाला, आई मोबाईलवर तुझी सीरियल बघते. नातसून लावून देते. एक अक्षर कळत न्हाई तिला. म्हणते, बोलणं कशाला पायजे, मी हात बघते. "परवा तुझ्या फोटूला हार बघितली, आन् तवापासून जेवायली न्हाई. किती सांगितलं, नाटक हाय ते. म्हणते, मागल्या टायमाला बी सगळे असंच समजूत घालायलते. अक्का, तू ये."

मी गेले. हैदराबादपर्यंत विमान, तिथून गाडी. गल्ली ओळखू आली नाही. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, त्याला एकच दार. काकू खाटेवर बसली होती, मुठीएवढी झालेली. डोळ्यांनी अंधुक दिसतं.

"कोण गं?"

"मी शेपू, काकू."

"शेपू व्हय." तिनं माझे हात चाचपले, उलटेपालटे केले. "आन् तिला आणलीस का?"

"आणलेय," मी म्हणाले.

तिच्या सुनेनं दोन ताटं आणली. काकू खाली उतरून बसली, मलाही खाली बसवलं. माझी मांडी आता होत नाही, एक गुडघा उभाच ठेवावा लागतो.

"गुडघा खाली घे."

"होत न्हाई काकू. लोखंड बसवलंय त्यात."

ती हसली. ताटाला मात्र हात लावला नाही. मला राहवलं नाही. इतक्या वर्षांचं एकदम तोंडात आलं. "काकू, त्या दिशी मला कुणी बोळवलंच न्हाई. गडबडीत राहिलं. ती गेलीच न्हाई गं, माझ्यापाशीच हाय."

"राहिलं न्हाई," काकू म्हणाली. "हे उठलते तुला न्यायला. मी धोतर धरून खाली बसवले त्यांना."

"कामून?"

"गेली असती की."

बसू दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला. काकूनं पदरानं नाक पुसलं. "लेकीच्या मायेपायी तुझ्या जिवावर वझं ठेवले. स्टँडवर बी जा म्हणवलं न्हाई माझ्यानं. आता मी चालले, तू बी थकलीस. आता बोळवते तिला. बसू नेईल वेशीपर्यंत." ती सावरून बसली, आणि अण्णांनी मला शिकवताना सांगितलं होतं तसं, रीतीनं, शांतपणे विचारलं. "सांग बाई. पोट भरलं का?"

भरलं. एकच शब्द होता. आयुष्यभर पाठ केलेला. तो म्हटला की मी मोकळी, नंदा मोकळी, काकूही मोकळी. तिचं ताट तसंच होतं, भाकरीवर माशी बसत होती.

माझा डावा हात उठला आणि वेणी नसलेल्या खांद्याला पुसला गेला.

"न्हाई," मी म्हणाले. "अर्धी वाढ."

काकूनं आपल्या ताटातली भाकर मोडली. अर्धी माझ्या ताटात ठेवली, आणि उरलेली अर्धी स्वतः खायला लागली.